हिंगोलीची तीन गावं आणि हाजराबीचं दुकान

नाताळच्या सुट्टीत हिंगोलीला निघाले आहे, असं मी शाळेत सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न आला, "औंढ्या नागनाथाला का?" नाही म्हटलं. "मग कोणाचं लग्न?" तेही नाही म्हटलं. "मग आहे काय तिथं?" मी म्हटलं, "गाव आहे." पुण्याच्या माणसानं नुसतं गाव बघायला पुण्याबाहेर जावं म्हणजे डोक्यावर थोडा परिणाम झालेला असणार, असं आमच्याकडे समजतात.

खरी गोष्ट अशी, की मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवते आणि त्या वर्षी एका अमेरिकन प्राध्यापकानं माझं डोकं फिरवलं होतं. त्याचं म्हणणं असं: शहर कांद्यासारखं पदरापदरांनी वाढतं. मधोमध बाजार आणि पेढ्या. त्यांना लागून पडकी घरं आणि नव्यानं आलेली गरीब माणसं. मग कामगारांची वस्ती, मग बऱ्या घरच्यांची, आणि सगळ्यांत बाहेर, रोज आगगाडीनं ये-जा करणारे साहेबलोक. मधलं वर्तुळ फुगलं की पुढच्याला ढकलतं, ते त्याच्या पुढच्याला. दुसऱ्या एका पंडितानं पुढं त्याला खोडून काढलं होतं. तो म्हणे, वर्तुळं कसली, शहर रस्ते आणि रूळ धरून पाचरी मारल्यासारखं वाढतं. मी दोन्ही मतं वर्गात ऐटीत शिकवली. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "बाई, आपल्याकडची गावं अशी असतात का?" मी तिला "खाली बस" म्हटलं, कारण मला उत्तर येत नव्हतं. पुणं बघून उत्तर सापडेना. पुण्याचा गुंता सोडवायला एक जन्म पुरायचा नाही. मला हवं होतं पायी फिरून होईल असं, जुनं, रूळ येऊन पोचलेलं गाव. माझी बालमैत्रीण वत्सला हिंगोलीच्या एका वकिलाला दिलेली. तिनं कळवलं, ये. मी गेले.

मनमाड ते पूर्णा

मनमाडला निजामाच्या हद्दीत शिरताना जकातीवाल्यानं माझी ट्रंक उघडली. लढाईचे दिवस, आणि ट्रंकेत नकाशांच्या गुंडाळ्या. त्यानं एक उलगडली. वर्तुळात वर्तुळ, त्यात वर्तुळ.

"ये किस किले का नक्शा है?"

"किल्ल्याचा नाही, शहराचा."

"कौन से शहर का?"

"कुठल्याच नाही. म्हणजे सगळ्याच."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग बाई माणूस आहे, वेडी असली तरी निरुपद्रवी आहे, असं ठरवून त्यानं झाकण लावलं. त्या गडबडीत माझा कंपास मात्र त्याच्या टेबलावरच राहिला, आणि ते मला औरंगाबाद गेल्यावर कळलं. वर्तुळं तपासायला निघालेली बाई वर्तुळ काढायचं हत्यारच विसरली! मी स्वतःला चार शिव्या घातल्या.

पूर्णेला गाडी बदलायची. फलाटावर बायकांच्या घोळक्यात बसले तर शेजारच्या बाईनं पहिल्यांदा माझे हात पाहिले, मग कपाळ. "हातात कायच न्हाई, काहून बाई?" मी सांगितलं, लहानपणीच नवरा वारला. लग्न कळायच्या आधी लग्न झालं आणि मरण कळायच्या आधी बांगड्या गेल्या. वडील सुधारकी, म्हणून केस राहिले आणि शिकता आलं. पण बांगड्यांचं धाडस त्यांनाही झालं नाही आणि पुढं मलाही. ती बाई "अगं माय" म्हणाली, गाठोडं सोडून मला ज्वारीची भाकरी आणि कारळाची चटणी दिली, आणि मग आपल्या नव्या सुनेला उठवून माझ्या बाजूनं दुसऱ्या बाजूला बसवलं. दोन्ही गोष्टी तिनं सारख्याच सहजपणे केल्या. भाकरी मात्र झकास होती.

हिंगोली

वत्सला छावणीत राहते. छावणी म्हणजे पूर्वी जिथं फौज होती तो भाग. फौज कधीच गेली. रुंद रस्ते, कडुनिंब आणि बैठे बंगले मागं राहिले. त्यांत आता कचेरीतले अंमलदार आणि वकील राहतात. पहिल्याच जेवणात तिनं येसराची, म्हणजे भाजक्या धान्याच्या मसालेदार पिठाची, झणझणीत आमटी वाढली. आमच्या गोड आमटीवर वाढलेल्या माझ्या जिभेनं आधी तक्रार केली आणि मग तिसऱ्यांदा वाटी पुढं केली. वत्सला म्हणाली, "दुर्गे, तू गाव बघायला आलीस की आमटी संपवायला?"

दुसऱ्या दिवसापासून मी पायपीट सुरू केली. कयाधू नदीच्या अंगानं जुनं गाव आहे. तिथं अमेरिकन कांदा आतून बाहेर उलटा केलेला सापडला. मधोमध, देवळाच्या आणि मशिदीच्या आसपास, मोठ्या दारांची घरं: देशमुख, सावकार, जुने काझी. त्यांच्याभोवती दुकानदार आणि कारागीर, मग शेतकरी, आणि अगदी कडेला, ओढ्यापलीकडे, ज्यांना गावानं आत येऊ दिलं नाही त्यांची खोपटं. अमेरिकेत ज्याच्याकडे पैसा तो बाहेर जातो. आपल्याकडे ज्याला मान तो आत राहतो.

गावापासून बरंच लांब स्टेशन. तिथं सरकी काढायचे कारखाने, कापसाच्या गाठी, आणि नवा मोंढा, म्हणजे मालाचा घाऊक बाजार. तिथं सगळं रूळ धरून सरळ रेषेत वाढलेलं. पाचरवाल्या पंडिताला आनंद झाला असता. आणि गाव आणि स्टेशन यांच्यामध्ये, दोन्हींपासून फटकून, आमची छावणी. संध्याकाळी मी वकीलसाहेबांना म्हटलं, "तुमचं हे एक गाव नव्हेच. तीन गावं आहेत, आणि तिघांचं एकमेकांशी बोलणं नाही." वकीलसाहेब म्हणाले, "बोलणं नाही कसं? खटले आहेत ना."

तिसऱ्या दिवशी दुपारी हाजराबी आली. ही मनियारीण, बांगड्या भरणारी. पन्नाशीची, ठेंगणी, डोक्यावर बांगड्यांचा पेटारा. तिच्या नवऱ्याचं दुकान जुन्या गावातल्या चुडीगल्लीत; तो गेल्यावर तीच चालवते. वत्सलेचा हात हातात घेऊन ती पिठासारखा मळायला लागली आणि एकीकडे माझ्याकडं बघत म्हणाली, "तुमीच का त्या नकाशेवाल्या बाई?"

"मीच."

"मंग एक सांगा. गाव कुठं चाललंय?"

मी भूगोल शिकवायला लागल्यापासून इतका सरळ प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी म्हटलं, "काहून विचारता?" तिच्यासारखं बोलायला गेले म्हणून वत्सला फिदीफिदी हसली.

हाजराबी हसली नाही. तिनं सांगितलं ते असं: दोन वर्षं झाली, चुडीगल्ली ओस पडत चालली होती. बाजाराच्या दिवशीसुद्धा दुकानात माशा. जो तो म्हणे, गिऱ्हाईक मोंढ्यानं ओढलं. मोंढ्यात आता नवे गाळे देत होते. वकीलसाहेबांनी खटपट करून एक तिच्यासाठी राखून ठेवला होता. येता मंगळवार सोडून त्याच्या पुढच्या मंगळवारी दिवस मावळायच्या आत कचेरीत अंगठा द्यायचा. पण तो घ्यायचा तर चुडीगल्लीतलं दुकान शेजारच्या तेलवाल्याला विकावं लागणार. दोन्ही ठेवणं शक्य नव्हतं.

"बराबर पडलं तर ठीक," ती म्हणाली. "चुकलं तर हे दुकान बी न्हाई आन् ते बी न्हाई. मंग पेटारा डोक्यावर घिऊन खेडोपाडी दारोदार. आन् माझे गुडगे बघा बाई. तुमच्या हितली ही एक पायरी चढताना मला अल्ला आठवला."

मला तिला वर्तुळांची गोष्ट सांगायची होती आणि कंपास तर मनमाडला. हाजराबीनं पेटाऱ्यातून बांगड्या काढल्या: मोठ्या हाताची, मधली, पोरीची, तान्ह्या लेकराची. फरशीवर एकीत एक ठेवल्या. "असं का?"

"अगदी असं."

"आन् मोठी माणसं ह्या भाइरच्या बांगडीत राहतेत?"

"अमेरिकेत."

"आमच्याकडं भाइर राहतेत ते कुनी हौसेनं न्हाई राहत," ती म्हणाली, आणि बांगड्या परत दोऱ्यात ओवल्या.

वकीलसाहेबांना सगळं सोपं वाटत होतं. "अहो दुर्गाबाई, रूळ तिकडे, कापूस तिकडे, पैसा तिकडे. तुमची ती पाचर की काय ती. सांगा तिला, हो म्हण म्हणून. तुमचं ऐकेल ती." मी म्हटलं, "एक बाजार डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही." वत्सला म्हणाली, "हे नवीनच." पण मला खरोखर धास्ती वाटत होती. वर्गात चुकलं तर फळा पुसता येतो.

मंगळवार

बाजाराच्या दिवशी मी उजाडताच मोंढ्यात जाऊन उभी राहिले. कापसाच्या गाड्यांची रांग स्टेशनापासून कारखान्याला वळसा घालून गेलेली. धूळ, बैलांच्या घंटा, अडत्यांचे पुकारे. दोन व्यापारी एका उपरण्याखाली हात घालून बोटं दाबत गप्प उभे. भाव असा ठरतो, तोंडानं अवाक्षर नाही. मला ते फार आवडलं. पण घटकाभरानं लक्षात आलं, की एवढ्या गर्दीत बाई मी एकटी. पान खाणारे, शिव्या घालणारे, गोण्यांवर पाय पसरलेले, सगळे पुरुष. एक हमाल म्हणाला, "बाई, कुनी हरवलं का तुमचं?"

आता या गाड्यांतून बायका आल्याच नाहीत म्हणावं तर सकाळी येताना मी त्यांना कापसाच्या ढिगावर बसलेलं पाहिलं होतं. गेल्या कुठं? म्हणून मी परत फिरले, आणि रस्त्यानं न जाता फौजेच्या जुन्या कवायतीच्या मैदानातून निघाले.

तिथं होत्या. मैदानाच्या कडेला चिंचेची जुनी झाडं आहेत, एक विहीर आणि जनावरांचा हौद. त्याला गाडीतळ म्हणतात. सेनगावकडची गाडी असो की आणखी कुठली, आधी इथं थांबते. बायका, पोरं, भाकरीची गाठोडी इथं उतरतात आणि मालाची गाडी पुढं मोंढ्यात जाते. मोजमाप, भाव, पट्टी होऊन ती परत येईपर्यंत दिवस कलतो. तोवर बायका चिंचेखाली बसून. अख्खं मैदान भरलेलं. इतक्या बायका मी जुन्या गावात सगळ्या दिवसांत मिळून पाहिल्या नव्हत्या.

एका म्हातारीजवळ टेकले. ती सेनगावकडची, नातसुनेला घेऊन आलेली. मी विचारलं, "बाजाराला जात नाही का?"

"मालक लोक आल्याबिगर कसं जावं? गाठोडी कुनापाशी टाकावी, लेकरं कुनापाशी?"

"आणि ते आल्यावर?"

"ते आले की वरडूनच राहतेत. चल चल, अंधार हून राहिला. मीठमिरची घेतली की बसलो गाडीत." तिनं नातसुनेचा हात वर करून दाखवला. दोन बांगड्या उरलेल्या. "हिला दिवाळीपासून भरायच्या हायत. पर बांगड्याला येळ लागते ना माय. बसावं लागते."

मी ताडकन उठले. म्हातारीला वाटलं मला विंचू चावला.

चुडीगल्लीत हाजराबी रिकाम्या दुकानात बसली होती. मी धापा टाकत म्हटलं, "तुमचं गिऱ्हाईक मोंढ्यानं नेलेलं नाही. मोंढ्यात एक बाई नाही. ते सगळं गाडीतळावर बसलंय. सकाळपासून. नुसतं बसलंय!" पूर्वी, मोंढा गावातच होता तेव्हा, गाड्या चुडीगल्लीच्या तोंडाशी सुटायच्या आणि बायका दिवसभर तिच्या दुकानात बसायच्या. मोंढा उठून स्टेशनाला गेला, आणि बायका मध्येच उतरायला लागल्या. जिथं त्यांना वेळ आहे तिथं दुकान नाही, आणि दुकान आहे तिथं पोचेपर्यंत वेळ नाही. एवढीच गोष्ट होती. कोणाच्या पुस्तकात मला ती सापडली नसती, कारण पुस्तकात जागेचं भाडं आहे, बाईची वाट बघत बसायची दुपार नाही.

हाजराबी दुकानाचं दार लावून माझ्याबरोबर आली. तिनं मैदान पाहिलं. मग म्हणाली, "या अल्ला." आणि लगेच, "पर काय उपेग?"

"उपयोग कसा नाही?"

"जमीन सरकारी. हितं खुटा ठोकू देत न्हाईत. आन् दिला तरी, उगड्यावर बांगड्या भरायच्या? चारचौघांत हात धरून? तिकडून सासरा येऊन राहिला, दीर येऊन राहिला. कुनी बसनार न्हाई बाई. बांगडीला आडोसा लागते."

माझा पडला चेहरा. आम्ही दोघी घरी निघालो. छावणीच्या वळणावर कुठल्याशा देशमुखांची दमणी गेली. दमणी म्हणजे छपराची हलकी बैलगाडी, लेकी-सुनांना न्यायची. पुढंमागं पडदे सोडलेले, आतून नुसता हसण्याचा आवाज. हाजराबी थांबली. ती दमणी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली.

"माझ्या भावाकडं हाय एक," ती म्हणाली. "कळमनुरीला. कोंबड्या बसतेत तिच्यात."

कळमनुरी

गुरुवारी आम्ही तिघी सर्व्हिस मोटारीनं कळमनुरीला गेलो. पेट्रोलच्या टंचाईमुळं मोटार कोळशाच्या गॅसवर चालत होती. चढ आला की ड्रायव्हर मागं वळून "उतरा" म्हणायचा आणि सगळे मुकाट्यानं उतरायचे. त्यामुळं मुलूख मात्र नीट बघायला मिळाला. काळी माती, कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या, आणि त्यांत तुरीचे पट्टे. आमच्याकडं जमीन अशी सपाट दूरवर पळत नाही. कुठला ना कुठला डोंगर मध्ये उभा राहतो. इथं नजर जाते तेवढं शेतच.

हाजराबीचा भाऊ शेतकरी. घराण्याला गावात पिढ्यान्‌पिढ्या झालेल्या. बहिणीचं म्हणणं ऐकून त्यानं पहिल्यांदा तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. मग गोठ्यात नेलं. दमणीत खरोखरच कोंबड्या होत्या, आणि एक अंड्यांवर बसलेली. तिनं माझ्या बोटाला चोच मारली. भावजयीनं चहा आणि मीठ घालून उकडलेल्या तुरीच्या शेंगा आणल्या. वत्सला पेचात पडली. वकिलाची बायको, घरात सोवळ्या-ओवळ्याचं बघणारी सासू. ती शेंगांकडं बघून म्हणाली, "शेंगा सोलून खायला काय हरकत आहे? सालाच्या आत कोणाचा हात लागलेला नसतो." असं म्हणून तिनं ताट रिकामं केलं. मी चहाही प्यायले. विधवेला एक सोय असते. तिचं आणखी काही बिघडायचं राहिलेलं नसतं.

परत येताना आम्ही दमणीतून आलो. एका ओढ्यात उजव्या अंगाचा बैल खाली बसला आणि उठेचना. भाऊ शेपूट पिळतोय, वत्सला आतून देवाचं नाव घेतेय, आणि मी लुगडं खोचून गुडघाभर चिखलात चाकाला खांदा लावून उभी. हाजराबी छपराखालून म्हणाली, "बाई, हे बी काढा नकाशात." बैल उठला तेव्हा मी तिथंच बसले, पाण्यात. तिघीही हसून हसून दमलो.

वकीलसाहेबांना आमचा बेत कळला तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. "दुकानाला चाकं? उद्या कचेरीला बैल जुंपा. हाजराबी, ऐका माझं. गाळा पक्का आहे, वर पत्रे आहेत. मंगळवार चुकला तर दुसऱ्याला जाईल, मग माझ्याकडं रडत यायचं नाही." ते रागावले होते, आणि त्यांचा रागही खोटा नव्हता. त्यांनी तिच्यासाठी चार जणांची मनधरणी केली होती.

हाजराबी म्हणाली, "साहेब, मंगळवारी दुपारपात्तूर गाडीतळावर बघते. कुनी न्हाई बसलं तर तशीच कचेरीत येते, अंगठा देते."

पुन्हा मंगळवार

दमणी धुऊन काढली होती. वत्सलेनं आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याचे पडदे शिवले. चिंचेखाली, हौदापासून थोडं लांब, बैल सोडून ती उभी केली. आत चटई, पेटारा, आणि हाजराबी. गाड्या आल्या, बायका उतरल्या.

त्यांनी बघितलं. पोरींनी पडद्याला हात लावून बघितला. आपसांत कुजबुजल्या आणि परत जाऊन आपापल्या गाठोड्यांपाशी बसल्या. पहिली कोणी व्हायला तयार नव्हती. नव्या दुकानाची पहिली विक्री, तिला हाजराबी बोहनी म्हणते. ती कोणाच्या हातानं होते याला इकडं फार महत्त्व. भरल्या हाताची, लेकुरवाळी सवाष्ण पाहिजे. मी वत्सलेला घेऊन येणार होते, तर तिच्या सासूनं नेमकं त्या दिवशी अंथरूण धरलं.

मी एका लांबच्या झाडामागं उभी होते. मुद्दामच. या दिवशी माझा मोकळा हात त्या गाडीजवळ नको, एवढं मला कळत होतं. स्वतःचा राग येत होता. सगळं गाव पायाखाली घातलं, गिऱ्हाईक शोधून दिलं, आणि आता त्याच गिऱ्हाइकाला दिसू नये म्हणून चोरासारखं लपायचं! सूर्य डोक्यावरून ढळला. मोंढ्याकडून एक-दोन रिकाम्या गाड्या परतायला लागल्या.

तेवढ्यात पडदा सरला आणि हाजराबीनं हाक मारली. सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशी. "नकाशेवाल्या बाई! हिकडं या."

मी नाही म्हणून मान हलवली. ती उतरायला लागली. ते गुडघे घेऊन. मला जावंच लागलं.

"हात द्या," ती म्हणाली.

"हाजराबी, वेड लागलंय का? तुमची बोहनी आहे. मी विधवा आहे."

हे मी जोरातच म्हटलं असणार, कारण आसपासच्या बायकांनी माना वळवल्या. आठवड्यापूर्वीची सेनगावकडची म्हातारी समोरच होती, नातसुनेला घेऊन. ती टक लावून बघत होती.

हाजराबीनं आपले दोन्ही हात पुढं केले. मनगटं उघडी. मी रोज तिला बघत होते आणि हे कधी बघितलं नव्हतं. "मी कोन हाय?" ती म्हणाली. "बारा वरसं झाली. ह्याच हातानं अख्ख्या हिंगोलीच्या सवाष्णी भरल्या. वकीलिणबाई भरल्या. कुनाचं वाकडं झालं? माझ्या हातानं घातलेली चालते, आन् तुमच्या हातात घातलेली चालत न्हाई?"

माझा हात तिनं घेतला. अंगठा आत दाबून पंजा मळला, आणि म्हणाली, "लई कडक झालाय. खडू धरून धरून." हिरव्या काचेची पहिली बांगडी बोटांच्या पेरांवर अडली, दुखली, आणि मग सरकन मनगटावर आली. मला रडू आलं. लाज वाटली नाही, नुसतं रडू आलं.

मैदानात कोणी जागची हलेना. मला वाटलं, झालं, संपलं. आता बैल जुंपायचे आणि कचेरी गाठायची.

मग म्हातारी उठली. लुगडं झटकलं. "मी बी तसलीच हाय की," ती कोणालाच न बोलल्यासारखी बोलली. "आन् हिच्या लग्नात समदं मीच केलं. कुनी न्हाई म्हनलं न्हाई. कामाला हात लागतेच." तिनं नातसुनेच्या पाठीवर थाप मारली. "चढ वर. दिवाळीपासून उगड्या हातानं बसलीस. चढ."

पोरगी चढली. पडदा पडला. आतून हाजराबीचा मळण्याचा आणि पोरीचा "उई" असा आवाज आला, आणि गाडीपाशी पोरींची रांग लागली. मालक लोक आले, चल चल म्हणून ओरडले, आणि त्या दिवशी त्यांना थांबावं लागलं.

दिवस मावळताना हाजराबीनं वकीलसाहेबांना निरोप धाडला: गाळा दुसऱ्या कुनाला द्या, तकलीफ झाली, माफी असावी. वकीलसाहेब तणतणले. रात्री जेवताना मात्र माझ्या हाताकडं बघून म्हणाले, "हिरव्याच भरल्या का? बरं केलंत." वत्सलेनं मला आमटी वाढली.

पुणे

या बांगड्या मी मनमाडला काढणार होते. मग दौंडला काढू म्हटलं. मनमाडला कंपासाची चौकशी केली. तो जकातीवाला बदलून गेला होता.

शाळा उघडली त्या दिवशी मी मागच्या बाकावरच्या त्या मुलीला उभं केलं आणि म्हटलं, "तुझ्या प्रश्नाचं उत्तर सांगते." फळ्यावर हातानंच तीन वर्तुळं काढली, एकमेकांपासून लांब. एकाखाली जुनं गाव लिहिलं, एकाखाली छावणी, एकाखाली मोंढा. मग त्यांच्यामध्ये एक छोटीशी गाडी काढली. मी मागं वळून पाहिलं. फळ्याकडं कोणीच बघत नव्हतं. मी पुन्हा फळ्याकडं वळले आणि गाडीला चाकं काढायला लागले, आणि खडूबरोबर माझा हात वाजत राहिला.